तिसरा रकाना

कंधारात, तहसीलसमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
तमिजोद्दीन सर आमचा कागद ट्यूबलाइटला धरतात.
सन हिजरी बाराशे एक्याऐंशी.
घड्यांवर भोकं, कडेला कसरीनं कुरतडलेलं.
"लिखाई शिकस्ता आहे," म्हणतात, "वेळ लागेल."
मला पाचवीतला वाक्प्रचार आठवतो: प्रयत्नांची शिकस्त करणे.
"तोच शब्द," सर हसतात. "शिकस्त म्हणजे मोडणं. हार.
तुमच्याकडं येऊन तिनं कंबर कसली."

वकिलानं वहीत तीन रकाने आखून दिलेत,
मूळ शब्द, मराठी, इंग्रजी.
खंडपीठाला तिसराच लागतो.
सर सांगतात, मी लिहिते.
जमीन सोपी. वारस सोपा. हयात, मयत
एका दमात.
तकरारपाशी ते थांबतात.
"अरबीत ह्याचा अर्थ, तेच ते पुन्हा म्हणणं."
एकोणीस वर्षं तारखांना जाणारा माझा चुलता
खिडकीत तंबाखू मळत म्हणतो,
"मंग बरुबरच हाय की."

राजीनामा म्हणजे दोघं राजी झाल्याचा कागद.
"त्याची येखादी नक्कल घावंल का, सर?"
मेहनत म्हणजे त्यांच्याकडं आपत्ती.
मौज म्हणजे लाट.
मन्याडकाठी जन्म गेला माझा,
लाट आज पहिल्यांदा आली,
तीही निळ्या शाईत, दुसऱ्या पानावर.

सातव्या ओळीत आमचा मूळपुरुष सापडतो.
संभू. बापाचं नाव वाचता येत नाही.
आणि त्याच्यापुढं एक शब्द: गरीब.

हा शब्द आमच्या घरात सांभाळून ठेवलेला.
जहागीरदाराला गरिबाची दया आली
आणि त्यानं विहिरीजवळचा तुकडा दिला,
हे सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगतात,
सुपारी फोडायच्या आधी.
मी न विचारता तिसऱ्या रकान्यात लिहून टाकते:
पुअर.

सर चष्मा काढतात.
"थांब बेटा. हा कागद फारसीतला.
ह्यात गरीब म्हणजे परका.
बाहेरून आलेला. ज्याला गावात
कुणी नावानं हाक मारत नाही, तो."

खाली झेरॉक्सचं मशीन कुणाचं तरी आधार कार्ड
पुढून मागून छापत राहतं.

"परका? आपुन?"
चुलत्याचा अंगठा तळहातावर थांबलेला.
"आवो सर, समोरची पार्टी बी हेच म्हंतीया.
आमी गावचे न्हाईत म्हून.
दुसरा अर्थ न्हाई का येखादा? असंल की.
शब्दाला काय एकच अर्थ ऱ्हातो व्हय?"

"राहत नाही ना," सर म्हणतात.
"परका माणूस गावात आला. कुणी ओळखेना,
उधार देईना, पाण्याला पाळी देईना.
अशा किती जणांना बघून बघून
लोकांनीच मग अर्थ बदलला.
पण ते नंतर.
ह्या कागदात तो अजून वेशीजवळच उभा आहे.
आणि खाली सही मला करायची आहे, शपथेवर."

मी पुअरवर एक रेघ मारते.
वाचता येईल अशीच.
वर बारीक अक्षरात लिहिते: स्ट्रेंजर.
चुलता तो शब्द विचारून घेतो,
दोनदा म्हणून बघतो, दोन्ही वेळा मधेच अडतो.
मग तंबाखू खिडकीतून झटकून देतो, न खाता.

"कुठून आला आसंल वो त्यो?"
आवाज एकदम खालचा.
एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
आमच्या वकिलानं नाही, त्यांच्याही नाही.

सर कागद पुन्हा उजेडाला धरतात.
"पुढं अज लिहिलंय. अज म्हणजे पासून. हून.
त्याच्यापुढं गावाचं नाव असणार."
भोकातून ट्यूबलाइट दिसते.
"नेमकी तिथंच घडी आली."

मी वहीत उतरवते:
अज. मग तिसऱ्या रकान्यात, फ्रॉम.
मधला राहतो.
मराठीत हा शब्द एकटा उभाच राहत नाही,
आधी गाव लागतं, मग हून.
बोटभर जागा सोडते
आणि लिहिते,
हून.